जयगडला आलेली मुलं

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख १५ हजार भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती ४.८२ टक्क्यांनी कमी होती आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. यात कोकणातल्या कुणाला नवल वाटणार नाही. घरटी एक माणूस मुंबईला, नाहीतर आखातात, हे इथल्या चार-पाच पिढ्यांनी पाहिलेलं आहे. नवल आहे ते त्याच सुमारास शास्त्री नदीच्या मुखाशी सुरू झालेल्या उलट्या प्रवाहाचं. २००९मध्ये जयगडच्या खाजगी बंदरात मोठी जहाजं लागू लागली. पाठोपाठ ३०० मेगावॉटचे चार संच असलेला औष्णिक वीजप्रकल्प उभा राहिला, खाडीत आंग्रे बंदर झालं, आणि ज्या गावांतली पोरं बाहेर जात होती त्याच गावांत बाहेरची पोरं येऊ लागली. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशातून ठेकेदाराबरोबर आलेले मदतनीस, वेल्डर, हमाल. यांत्रिक नौकांवर नेपाळच्या डोंगरी जिल्ह्यांतले खलाशी. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळीच. चिरेखाणींवर कर्नाटकातली कुटुंबं. त्यांच्यात विशीच्या आतबाहेरचे पुष्कळ आहेत. त्यांची मजुरी, त्यांचे परवाने, त्यांच्यामुळे गावात झालेली गर्दी यांवर आपण बोलतो. त्यांचं मन इथे कशाच्या आधारावर तग धरतं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. परक्या मुलखात तरुणाचं मन दोन आधारांवर उभं राहतं, एक आपल्या माणसांचा आणि दुसरा नव्या गावात मिळालेल्या जागेचा. यांपैकी एकच दिला तर तो काही काळ पुरतो, कायमचा पुरत नाही. जगभरच्या संशोधनाचा निष्कर्ष हाच आहे, आणि कोकणाने तो स्वतःच्या अनुभवातून केव्हाच ओळखायला हवा होता.

आधी हे लोक मोजणीतून कसे निसटतात ते पाहायला हवं. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिकाला भारतात येऊन राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. ही मोठी सोय आहे. पण त्यामुळे तो आल्याची नोंद कुठेच होत नाही आणि गेल्याचीही होत नाही. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर निवास, औषधपाणी आणि प्रवासभत्त्याची जबाबदारी टाकली होती. पुढे २०२०च्या संहितेत तो कायदा सामावून घेतला गेला. पण नावाप्रमाणेच तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता होता. नेपाळातून थेट नौकेवर आलेला मुलगा त्यात बसत नव्हता. मनाच्या आजारांचं देशातलं एक मोठं सर्वेक्षण २०१५-१६मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलं. दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी उपचारांची गरज असलेला मानसिक त्रास आहे, असं त्यात आढळलं. ते बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१च्या अहवालात देशातल्या १,६४,०३३ आत्महत्यांपैकी ४२,००४ रोजंदारी कामगारांच्या होत्या, म्हणजे चारांतली एक. त्यांतले किती जण आपल्या गावापासून दूर होते, हे त्या तक्त्यांवरून कळत नाही. जो रकान्यातच नाही, त्याच्या झोपेची, धास्तीची, दारूची चौकशी करणारं खातं कुठून असणार?

बाहेरच्या देशांत परक्या मुलखातल्या मनाचा हा प्रश्न बऱ्याच आधी विचारला गेला. नॉर्वेचे मनोविकारतज्ज्ञ ओदेगार्द यांनी १९३२मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत मिनेसोटाला जाऊन राहिलेल्या नॉर्वेजियन लोकांत स्किझोफ्रेनियाने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण मायदेशातल्या लोकांपेक्षा जास्त आहे. त्यांनी कारण दिलं ते असं, की मुळात ज्यांचं मन अस्थिर असतं तेच घर सोडून जातात. आपल्याकडेही हे मत वेगळ्या शब्दांत ऐकू येतं: घरी टिकला नाही म्हणून इथवर आला. पुढच्या अभ्यासांनी या मताचा पाया काढून घेतला. २००५मध्ये कँटर-ग्रे आणि सेल्टन यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्थलांतर केलेल्यांत या आजाराचा धोका सुमारे २.७ पट आणि त्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांत सुमारे साडेचार पट निघाला. मुलं तर कुठेच गेली नव्हती. घर सोडण्याचा स्वभाव हे कारण असतं, तर दुसऱ्या पिढीत धोका वाढला नसता. वाढला याचा अर्थ कारण येणाऱ्यापेक्षा त्याला जिथे ठेवलं जातं तिथे अधिक शोधायला हवं. हा आजार मुळात विरळा आहे आणि पटीत वाढूनही विरळाच राहतो, हे इथेच सांगितलं पाहिजे. नाहीतर बाहेरून आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहायला आणखी एक निमित्त मिळायचं. नेहमीचे त्रास वेगळे असतात: झोप न लागणं, जेवणावरची वासना उडणं, सतत घराची काळजी, दारू, आणि कुणालाच काही सांगता न येणं.

कॅनडात मॉर्टन बायझर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८८मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती. नुसतं स्थलांतर मन बिघडवत नाही. बिघाड होतो तो त्याला इतर गोष्टींची जोड मिळाली की: कुटुंबापासून ताटातूट, तिथल्या भाषेचं अज्ञान, कामाचा घसरलेला दर्जा, यजमान समाजाचा दुरावा, आपल्या माणसांपासून तुटणं, आणि किशोरवयात किंवा उतारवयात झालेलं स्थलांतर. ही यादी जयगडच्या जेटीवर उभं राहून वाचली, तर तिच्यातली जवळपास प्रत्येक बाब समोर दिसते. बायझर यांचं याहून मोलाचं काम व्हँकुव्हर या बंदराच्या शहरात झालं. व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून जीव वाचवून निघालेल्या निर्वासितांपैकी सुमारे साठ हजारांना कॅनडाने १९७९-८०मध्ये आसरा दिला. त्यांतल्या तेराशेहून अधिक जणांचा बायझर यांच्या गटाने १९८१पासून जवळपास दहा वर्षं माग ठेवला. सुरुवातीच्या काळात ज्यांच्याभोवती आपल्या समाजाची वस्ती होती, म्हणजे मुख्यतः चिनी वंशाचे निर्वासित, ते नैराश्यापासून अधिक सुरक्षित राहिले. इंग्रजी येतं की नाही, याने त्या काळात फारसा फरक पडला नाही. दहा वर्षांनी चित्र पालटलं होतं. आता इंग्रजी न येणं हे नैराश्याशी आणि बेकारीशी जोडलं गेलं होतं, आणि स्त्रियांच्या बाबतीत ते विशेष ठळक होतं. पहिली वर्षं आपल्या माणसांनी तारून नेली. पुढची तारायला गावाची भाषा लागली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. सोबतीला त्यांचीच माणसं आहेत, मग आणखी काय हवं, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

तरुणांपुरता सर्वांत मोठा पुरावा जॉन बेरी, जीन फिनी, डेव्हिड सॅम आणि पॉल फेडर यांच्या २००६च्या ग्रंथात आहे. तेरा देशांत, स्थलांतरित घरांतल्या १३ ते १८ वयाच्या ५,३६६ मुलामुलींचा हा अभ्यास. त्यांतली सुमारे ३६ टक्के आपली संस्कृतीही धरून होती आणि नव्या समाजातही मिसळली होती. साधारण साडेबावीस टक्के आपल्यांतच राहिली, जवळपास एकोणीस टक्क्यांनी नव्या समाजाशी नातं जोडून जुनं मागे टाकलं, आणि उरलेली बावीस टक्के ना इकडची ना तिकडची होती. मन आणि शाळा-समाजातलं वागणं या दोन्ही कसोट्यांवर दोन्हीकडे नातं असलेली मुलं सर्वांत सरस ठरली, अधांतरी असलेली सर्वांत मागे. आणि ज्यांना भेदभावाचा चटका जास्त बसला होता, त्यांची अवस्था अधिक वाईट होती. ही श्रीमंत देशांतली, कागदपत्रं असलेली, शाळेत जाणारी मुलं होती. तिथले आकडे जयगडला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण कागदपत्रं आणि शाळा असूनही जर दोन आधार लागतात, तर ज्यांच्याकडे यांतलं काहीच नाही त्यांना ते कमी लागतील, असं मानायला काय आधार आहे?

आपल्याला पटावा असा पुरावा मात्र व्हँकुव्हरपेक्षा जवळ, परळ-लालबागमध्ये आहे. रत्नागिरीचा मुलगा गिरणीत लागायला मुंबईत उतरला की तो एकटा नसे. काम गावच्या किंवा नात्यातल्या माणसाच्या ओळखीने मिळे, राहायला गावकऱ्यांची खोली असे. पाळीप्रमाणे झोपणारे दहा-वीस पुरुष, भिंतीवर ट्रंका आणि वळकट्या, खोलीच्या खर्चाची वर्गणी. राजनारायण चंदावरकर यांच्या १९९४च्या गिरणगावाच्या इतिहासात नोकरी, उधारी आणि निवारा गाव-नात्याच्या या धाग्यांवर कसे उभे होते हे तपशिलाने आलं आहे. गोव्याच्या तारवटींनी, म्हणजे जहाजांवरच्या खलाशांनी, धोबी तलावाच्या परिसरात गावागावाचे कूड, म्हणजे सामाईक निवास, चालवले तेही याच गरजेतून. जेवणाची सोय खाणावळवाल्या बायका करत. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. भजन, बाल्या नाच, शक्ती-तुऱ्याचे सामने, गणपतीला गावी जाणं हा झाला पहिला आधार. पण गिरणगावात दुसराही होता. युनियनचा सभासद, चाळीच्या गणेशोत्सवाचा कार्यकर्ता, कबड्डीच्या संघातला खेळाडू, कामगार रंगभूमीवरचा नट म्हणून त्या मुलाला शहरात नाव मिळालं. भाषा मराठी होती, म्हणून हा दरवाजा त्याच्यासाठी अर्धा आधीच उघडा होता, हे कबूल केलं पाहिजे. आणि हे सगळं असूनही क्षय होता, दारू होती, मागे राहिलेल्या बायकांचं आयुष्य वाट पाहण्यात गेलं. त्या काळाला सोनेरी मुलामा द्यायचं कारण नाही. पण १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचं उत्पन्न बंद झालं, तेव्हा ती माणसं इतका काळ तगली त्यात गावाकडून आलेल्या तांदळाचा आणि शहरात कमावलेल्या नात्यांचा, दोन्हींचा वाटा होता.

आता जयगड पाहा. पहिला आधार इथे काही प्रमाणात आहे. नौकेवर एकाच खोऱ्यातली चार-पाच पोरं असतात, लेबर कॅम्पमध्ये एका जिल्ह्याची एक खोली असते, मोबाइलवर रोज घर दिसतं. पण तोही आधार ठेकेदाराच्या मर्जीवर असतो. काम संपलं की टोळी फुटते आणि मुलगा दुसऱ्याच राज्यातल्या दुसऱ्याच साइटवर जातो. खलाशाचं घर म्हणजे नौकाच. तांडेल सांगेल तेव्हा जाळं टाकायचं, तांडेल सांगेल तेव्हा झोपायचं. किनारा लागला तरी मासळी उतरवणं, बर्फ भरणं आणि जाळी विणणं यांत दिवस जातो. बागेतल्या राखणदाराभोवती मोहर धरल्यापासून मेअखेरपर्यंत कलमं, माकडं आणि रात्र. दुसरा आधार तर जवळपास नाहीच. गावच्या शिमग्याच्या पालखीला तो बघ्या असतो, क्रिकेटच्या सामन्यांत वाडीवाडीचे संघ उतरतात त्यांत त्याचा संघ नसतो, आणि त्याला हाक मारली जाते ती बहुधा मुलखावरून, नावाने नव्हे. निवारा दिला, जेवण दिलं, आणखी काय करायचं, असं मालक म्हणतात आणि त्यात अनेकदा खोटेपणा नसतो. पण रत्नागिरीने निवारा आणि जेवण दिलेले परके याआधी पाहिले आहेत. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६मध्ये इथे आणला गेला आणि १९१६मध्ये इथेच वारला. त्याच्या चार मुली समवयस्कांवाचून, पहाऱ्यात वाढल्या. १९१०मध्ये त्यांना राजवाडाही मिळाला; गावात जागा मिळाली नाही. थोरलीने गावातल्याच, त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या माणसाशी नातं जोडलं, तेव्हा राजघराणं आणि सरकार दोघांनाही तो कलंक वाटला. तिची मुलगी टूटू मात्र रत्नागिरीत राहिली, मराठी बोलली, इथलीच झाली. छप्पर, तनखा आणि पहारा यांतून जे झालं नाही ते त्या एका नात्यातून झालं.

यावर पहिला आक्षेप येतो: ही माणसं राहायला आलेली नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ६१ दिवस नौका किनाऱ्यावर, खलाशी घरी. प्रकल्पातलं काम कंत्राटापुरतं. पाहुण्याला कसलं सामावून घ्यायचं? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण गिरणीकामगारही कागदोपत्री गावचाच होता. त्याचं रेशनकार्ड, शेत, देव, सगळं गावाला होतं आणि तरी त्याच्या आयुष्याची पस्तीस वर्षं मुंबईत गेली. जो मुलगा अठराव्या वर्षी येतो आणि दर ऑगस्टला परत येत राहतो, तो तिशी गाठेपर्यंत वर्षातले दहा महिने इथे असतो; त्याचं तारुण्य, म्हणजे माणूस ज्या वयात मैत्री आणि नाव कमावतो ते वय, पूर्णपणे इथे खर्च होतं. तात्पुरतेपणा ही त्याची निवड नसते, ती त्याच्या नोकरीची अट असते. आणि ही अट दीर्घकाळ टिकली, तर तीच आजाराचं कारण बनू शकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो गावच्या तरुणांचा आहे. जमिनी आमच्या गेल्या, धूळ आमच्या अंगणात पडते, आणि काम बाहेरच्यांना. आता त्यांची मनंही आम्हीच सांभाळायची का? या रागाला कारण आहे, त्याची टिंगल करू नये. पण ठेकेदार बाहेरचा मुलगा का पसंत करतो, हे या रागाने नीट पाहिलेलं नाही. त्याला इथे काका-मामा नाही, सरपंच ओळखीचा नाही, भाषा येत नाही, उचल फिटेपर्यंत तो निघून जाऊ शकत नाही, आणि हिशेबात काही कमी पडलं तर दाद कुठे मागायची ते त्याला ठाऊक नसतं. त्याचा एकटेपणा हाच त्याचा स्वस्तपणा आहे. तो मराठी बोलू लागला, गावात चार घरांत बसू-उठू लागला, आपला हक्क मागू लागला, की त्याला स्थानिक मुलापेक्षा कमी पैशात राबवणं अवघड होतं. म्हणून जयगडच्या किंवा शेजारच्या नांदिवड्याच्या बेकार तरुणाचं हित त्या मुलाला दूर ठेवण्यात नाही. दूर ठेवून फायदा होतो तो ठेकेदाराचा.

तिसरा आक्षेप डावीकडून येतो, आणि मला तो मनापासून मान्य आहे, अर्ध्यापर्यंत. हा मानसिक आरोग्याचा प्रश्न नाही, मजुरीचा आहे. वेळेवर पगार द्या, मन आपोआप ठीक होईल. मजुरी पहिली, यात वाद नाही. व्हँकुव्हरच्या अभ्यासातही काम आणि मन हातात हात घालूनच गेले. थकलेल्या पगारावर गोळी लिहून देणारा डॉक्टर अन्यायाला आजाराचं नाव देतो. पण पगार वेळेवर मिळूनही जो रात्रभर जागा असतो त्याचं काय? रत्नागिरीत शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा मोजक्या जुन्या संस्थांपैकी एक. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. तरीही हा मुलगा तिथे पोचत नाही. अंतर हे एक कारण, शरम हे दुसरं. ब्रँडन कोहर्ट आणि इयान हार्पर यांनी २००८मध्ये नेपाळबद्दल दाखवलं की तिथे मनाचं दुखणं बोलायला लोक कचरत नाहीत. लाज आहे ती दिमाग बिघडल्याची, कारण त्याचा अर्थ वेड. मनोरुग्णालयाचा फलक पाहून जो फाट्यावरूनच परततो, तो ‘मन लागत नाही, जड वाटतं’ हे आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकेला सांगेल, जर तिने विचारलं तर. आपल्याकडेही मनाबद्दल असंच बोलतात, म्हणजे विचारणं अवघड नाही.

दुसरा आधार उभा करणं अशक्य नाही, हे केरळने दाखवलं. तिथल्या साक्षरता मिशनने २०१७मध्ये पेरुंबावूरला ‘चंगाती’ हा उपक्रम सुरू केला. बाहेरून आलेल्या कामगारांना मल्याळम् शिकवायची, त्यासाठी ‘हमारी मलयालम्’ हे पुस्तकही केलं. मराठीचा अभिमान आपल्याला कमी नाही. पण खलाशाला मराठी यावी म्हणून वर्ग चालवण्यापेक्षा ती येत नाही म्हणून त्याला हिणवण्यात आपला अधिक वेळ जातो. ज्यांनी कुटुंब सोबत आणलं आहे त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू शकतात, आणि पटसंख्येअभावी बंद पडायला आलेल्या कोकणातल्या शाळांना ही मुलं हवीच आहेत. दहा-बारा वर्षांचा असा मुलगा आईबापांसाठी दुभाषा होतो, आणि त्याच्या खांद्यावर ते ओझं किती असावं हाही अभ्यासाचा विषय आहे. वाडीच्या क्रिकेट स्पर्धेत जेटीचा एक संघ घ्यायला कुठल्याही योजनेची गरज नाही.

आणि अभ्यास व्हायला हवा तो इथल्या संस्थांनी केलेला: रत्नागिरीचं मनोरुग्णालय, तिथली महाविद्यालयं, आरोग्य खातं. त्याचा पैसा बंदराकडून किंवा नौकामालकांकडून येऊ नये आणि प्रश्न मुकादमाच्या समोर विचारले जाऊ नयेत. नाहीतर सगळे जण सुखी निघतील. प्रश्नावली नेपाळी, भोजपुरी, ओडिया, कन्नड बोलणाऱ्यांनी तयार केलेली हवी. तेच प्रश्न जयगडमधून पुण्याला, मुंबईला, दोह्याला गेलेल्या मुलांनाही विचारले पाहिजेत. तुलनेसाठी याहून योग्य माणसं मिळणार नाहीत. ऑगस्टमध्ये नौका पाण्यात उतरतात तेव्हा एकदा, हंगामाच्या मध्यावर एकदा आणि मे महिन्यात हिशेब होऊन घरी निघण्याआधी एकदा विचारायचं, आणि पुढच्या ऑगस्टला पुन्हा. जो त्या ऑगस्टला परत आला नाही, त्याचाही माग काढायला हवा. तो दुसऱ्या बंदरात गेला असेल, घरी राहिला असेल, आजारी असेल. व्हँकुव्हरच्या अभ्यासाचं बळ यातच होतं, की पहिल्या वर्षी ज्यांना विचारलं त्याच माणसांना दहा वर्षांनी पुन्हा शोधून काढलं.